कच्चं लायसन

“डोळे मिटा काका. तळव्याला नायलॉनचा धागा लागला की ‘हो’ म्हणा,” नवी डॉक्टर म्हणाली. “सही मात्र सर करतील. माझं रजिस्ट्रेशन अजून तात्पुरतं आहे.”

सर तेवढ्यासाठीच मागे उभे होते, मोबाइलमध्ये बघत.

काकांनी जन्मभर एसटी चालवलेली. “म्हणजे कच्चं लायसन! साहेबासमोर टेस्ट दिल्याशिवाय पक्कं होत नाही,” असं म्हणून त्यांनी समंजसपणे डोळे मिटले.

अंगठ्याला धागा लागला. “हो.” टाचेला लागला. “हो.” चवड्याला लागला तेव्हाचा “हो!” तर पार बाहेरच्या रांगेपर्यंत गेला.

“पाय उत्तम आहे. सोडा घरी,” सर मोबाइलला म्हणाले.

तिने धागा ट्रेमध्ये ठेवला. “हो,” काका म्हणाले.

तिचा हात तिथेच थांबला. मधुमेहाने सुन्न झालेल्या पायात खिळा घुसला तरी कळत नाही, आणि कळतं तोवर पाय कापायची वेळ आलेली असते.

“काका, आत्ता तर मी धागा लावलाच नव्हता.”

काका ओशाळले. डोळे उघडायचं धाडस काही झालं नाही. “पाय कधीचाच मेलाय गं. अंदाजानेच ‘हो’ म्हणत होतो. पण साहेब मागे उभे. म्हटलं, माझ्यापायी पोरीचं लायसन अडायला नको.”

सरांनी मोबाइल खिशात टाकला.

तिने तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली.

“बोल की पोरी,” ते म्हणाले. “गेलीस का उठून?”