बोटभर अंतर

१९७१ साल. सुट्टीवरून परतलेल्या ताईने प्रयोगशाळेचं दार उघडलं. बॅटरीचा खटका चालूच राहिला होता. आठ दिवस.

सूक्ष्मदर्शकाखाली नखाएवढा स्फटिक होता. ताईनेच भट्टीत वाढवलेला, घासून काचेसारखा पातळ केलेला. त्याचे दोन भाग दिसत, एक उजळ, एक काळसर. एका भागात विजेचा रोख वर, दुसऱ्यात खाली. मधल्या केसाएवढ्या रेघेला तिथे सगळे भिंत म्हणत. बाहेरून वीज दिली की भिंत सरकायची आणि काळसर भागाचा रोख उलटून तो उजळ व्हायचा. पण ही भिंत एका बारीकशा डागाला अडकून बसली होती. वीज वाढवावी तर स्फटिकच तडकायचा. असे तीन तडकले. शेवटी सर म्हणाले, ही हटवादी आहे, हिचा नाद सोडा.

ताईने सवयीने डोळा लावला. मग जुना फोटो काढून शेजारी धरला. भिंत डाग ओलांडून पुढे गेली होती. ती बॅटरी इतकी अशक्त, की तिने काही होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ती बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. सरांनी फोटो पाहिला, नळीतून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"ताई, ही धडक मारून सरकली नाही," ते म्हणाले. "कुणीतरी आठ दिवस हळूच ढकलत राहिलं, म्हणून सरकली. समोर बसून राहिलो असतो तर दिसलंही नसतं."

ताई हसली, पण तिचं लक्ष पर्समधल्या किल्लीकडे होतं. त्या आठ दिवसांत ती दूरच्या शहरातली नोकरी आणि तिथली खोली पाहून, खोलीची किल्ली घेऊन आली होती. हो की नाही, ते उद्यापर्यंत कळवायचं होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं. घरी वडील होते, पण ते नऊ वर्षं तिच्याशी बोलले नव्हते.

त्यांनी ठरवलेल्या लग्नाला तिने ऐन वेळी नकार दिला होता. ते जमिनीचे मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या. त्यांनी ओढलेली रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "मी दिलेला शब्द तू मोडलास," ते म्हणाले होते. "माझा मी मोडणार नाही. आजपासून तुझ्याशी बोलणं बंद." मग त्यांनी आपलं बिऱ्हाड घरातल्याच बोळाच्या टोकाच्या खोलीत हलवलं. त्याच संध्याकाळी ताईने त्या खोलीच्या उंबऱ्याशी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर चहा. "चहा ठेवलाय." थोड्या वेळाने विसळलेला कप स्टुलावर. तेव्हापासून रोज हेच. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्या घरात माणसं दोन आणि आवाज फक्त भांड्यांचा.

त्या संध्याकाळी ती कप घेऊन निघाली. दाराबाहेरूनच सांगून टाकायचं, मी जातेय. कप ठेवला आणि ती थबकली. पूर्वी इथवर येईपर्यंत बोटांना चटके बसायचे. पदर धरावा लागायचा. ते कधी थांबलं?

ती स्वयंपाकघरात परत गेली आणि पावलं मोजत आली. पाच. नऊ वर्षांपूर्वी अकरा होती, हे तिच्या बोटांना पक्कं ठाऊक होतं. उंबऱ्यापाशी फरशीवर चार गोल डाग होते, पुसट, रिकामे. स्टुलाला चार पाय असतात, पण ते चालत नाही. आणि तिने तर त्या पहिल्या संध्याकाळनंतर त्याला कधी हात लावला नव्हता.

तिला वाटलं, उचलावं ते स्टूल आणि नेऊन ठेवावं एकदम स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलापाशी. हात पुढे गेलासुद्धा. मग तिला ते तीन तडकलेले स्फटिक आठवले. तिने स्टूल फक्त बोटभर आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, "चहा ठेवलाय."

जातेय हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने किल्ली टपालाने परत पाठवली.

आता ओढणारे दोघं होते, तरी उरलेल्या पाच पावलांना चौदा महिने लागले. एका संध्याकाळी स्टूल टेबलाला टेकलं. बाबा आले, खुर्ची ओढून बसले, एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

पुढे सरांनी त्या विसरलेल्या खटक्यावर निबंध लिहिला. त्यात आठ दिवसांचा उल्लेख होता, विसरण्याचा नव्हता. लग्न मोडलेल्या मुलाने दुसरीकडे संसार थाटला. त्याला तीन मुली झाल्या आणि तो चांगलाच जाड झाला. काकू मुलाकडे राहायला गेल्या. बाबा आणखी सहा वर्षं जगले आणि रोज काहीतरी बोलले, बहुतेक वेळा साखरेबद्दल. ताई त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाली.

घराला रंग द्यायचा म्हणून तिने बोळातलं सामान हलवलं, तेव्हा ती पहिल्यांदा गुडघे टेकून खाली बसली. भिंतीच्या पायथ्याशी, फरशीला लागून, पेन्सिलीच्या खुणा होत्या. मोजणीदार करतात तशा, बारीक बाण आणि शेजारी तारीख. टेबलापासून त्या मागे मागे जात होत्या, एकीमागे एक, थेट बाबांच्या खोलीपर्यंत. चष्मा सावरून ती शेवटच्या खुणेपाशी, म्हणजे त्यांच्या पहिल्या खुणेपाशी पोचली. ती उंबऱ्यापासून बोटभर अंतरावर होती, आणि तारीख होती भांडणाच्या दुसऱ्याच दिवसाची.