बेचाळिसावा फोटो

माझी बायको रोज सकाळी न्याहारीच्या टेबलाचा फोटो काढायची. कॅमेऱ्याच्या तीन पायांसाठी फरशीवर खडूच्या खुणा होत्या. फोटोत मी असायचो आणि तिची रिकामी खुर्ची, कारण ती कॅमेऱ्यामागे. "हनुवटी वर," म्हणायची आणि बटण दाबायची.

ती गेल्यावर मी टायमर लावून तिचं काम चालू ठेवलं. एकेचाळीस फोटो झाले.

आज मुलीबरोबर ते प्रदर्शनाच्या खोलीत ओळीने टांगले. मधोमध आमचंच टेबल आणि दोन्ही खुर्च्या मांडल्या.

"बाबा, आईची खुर्ची तुम्ही हलवायचात का हो?"

"मी कशाला हलवू? पुसायलासुद्धा हात लावला नाही."

"मग इथून चालत बघा."

पहिल्या फोटोत खुर्ची टेबलाला टेकलेली होती. पुढच्यात बोटभर मागे. मग कॅमेऱ्याकडे जराशी वळलेली. शेवटच्या फोटोत माणूस आरामात उठेल एवढी जागा झाली होती.

मी आनंदाने ओरडलो, "अगं, उठली ती! कॅमेरा आण, आजचा राहिलाय!"

"बाबा, हळू! पडाल कुठेतरी."

खडूने खुणा केल्या, कॅमेरा ठेवला आणि धावत येऊन माझ्या खुर्चीत बसलो. मुलगी माझ्या शेजारी उभी राहिली. मला हसू आवरत नव्हतं.

"टायमर लावलात ना?"

घाईत विसरलोच होतो. उठणार, तेवढ्यात समोर कॅमेऱ्याचं भिंग सावकाश फिरलं आणि माझ्यावर येऊन थांबलं.

मी हनुवटी वर केली.