'रत्नमाले'चं नाणं

कुसुमबाईंना पहिल्या रांगेत बसवलं. समोर मंचावर पुंडलिकराव बसले होते. 'रत्नमाला' बुडाली तेव्हा एकटे वाचलेले खलाशी, आणि याच पांढुर्ण्याचे.

ते शिडाचं जहाज अरबी समुद्रात गडप झालं त्याला पन्नास वर्षं झाली, म्हणून मुंबईच्या एका ट्रस्टनं चांदीचं नाणं काढलं होतं. खलाशांची नावं कुठंच लिहिलेली नव्हती. पुंडलिकराव फोटोवरून ज्याला ओळखतील त्याच्या घरच्यांना नाणं मिळायचं. त्यासाठीच कार्यक्रम इथं ठेवला होता.

ट्रस्टला फोन कुसुमबाईंच्या मुलानं, प्रवीणनंच केला होता, आपले बाबा त्या जहाजावर होते म्हणून. गुडघ्यांचं निमित्त करून कुसुमबाईंनी टाळून पाहिलं. त्यानं सौंसरहून गाडीच ठरवली. आता नवा सदरा घालून, बापाचा फोटो मांडीवर धरून तो शेजारी बसला होता.

फोटोतल्या चिंधूनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. नागपूरला दुसरा संसार मांडून तो तिकडचाच झाला होता. बाबा कुठं गेले म्हणून पोरगं रोज विचारायचं. त्याच दिवसांत रेडिओवर जहाजाची बातमी आली आणि 'तुहा बाप त्याच जहाजावर होता,' असं कुसुमबाई बोलून गेल्या. पुढं प्रवीणनं ते शाळेत सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं, स्वतःच्या मुलांनाही सांगितलं. बोललेलं मागं घ्यायला जागाच उरली नाही.

चिंधूचं नाव पुकारलं. प्रवीण फोटो घेऊन वर गेला. पुंडलिकरावांनी चष्मा पुसून तो बराच वेळ न्याहाळला. कुसुमबाईंनी डोळे मिटून घेतले.

"चिंधू," माइकवर आवाज आला. "याले कसा विसरीन? बुडता बुडता हातातली फळी मले देली यानं. म्हणून मी आज तुमच्यासमोर हाओ."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. पन्नाशी उलटलेला प्रवीण नाणं छातीशी धरून हुंदके देत होता. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते.

चहाच्या वेळी कुसुमबाईंनी पुंडलिकरावांना बाजूला गाठलं.

"दादा, माह्या पोराची लाज राखली तुमी," त्या म्हणाल्या. "पण खोटं काऊन बोलले? माहा नवरा त्या जहाजावर नोता."

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं.

"हळू बोला, बाई. मी तरी कुठी होतो?"