चौकट दिसायलाच हवी

"चौकट दिसलीच नाही पाहिजे, काकू. सध्या तीच पद्धत आहे," रंगारी म्हणाला. "भिंत मोतिया, दार मोतिया, चौकटही मोतिया. सगळं कसं एकजीव!"

"चौकट दिसायलाच हवी," काकू म्हणाल्या. "निळी कर. गडद."

रंगाऱ्याने पुट्टीची पट्टी खाली ठेवली. चौकटी निळ्या, दिव्याच्या प्रत्येक बटणाभोवती वीतभर पिवळा पट्टा आणि स्वयंपाकघराच्या पायरीला लालभडक कड, असा एकूण बेत त्याला सकाळीच कळला होता. तेव्हापासून त्याचा चहाही नीट गेला नव्हता.

"घर रंगवायचंय, काकू, की बालवाडी काढताय?"

काका खिडकीपाशी खुर्चीत बसून हे ऐकत होते. एका छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. त्यांच्या नजरेतून निसटलेला अनुस्वार अजून जन्माला यायचा होता, असं ते स्वतःच सांगत. गेल्या महिन्याभरात त्यांच्या कपाळावर तीन टेंगळं आली. पहिल्याला सुतार जबाबदार होता, दुसऱ्याला वारा. तिसऱ्याची चौकशी अजून चालू होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद त्यांनी जाड्या शब्दकोशामागे लपवले होते. शब्दकोशावरची धूळ काकू पुसत. नजर आता कमी कमीच होत जाणार, असं त्या कागदांवर लिहिलं होतं. काकूंनी ते दोनदा वाचले, होते तसे परत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला फोन केला.

"काका, आता तुम्हीच काय ते सांगा," रंगाऱ्याने शेड कार्ड त्यांच्या हातात दिलं. "मागच्या वेळी मोतिया तुम्हीच निवडला होता."

काकांनी कार्ड हातभर लांब धरलं. मग नाकाशी आणलं. मग उजेडाकडे तिरकं केलं. आणि मग छापखान्यातल्या जुन्या रुबाबात त्यावर बोट ठेवलं.

"हा घे. यात एवढं डोकं काय चालवायचं?"

बोट दुकानाच्या फोन नंबरवर होतं.

रंगाऱ्याने तोंड उघडलं. काकू त्याच्याकडे बघत होत्या. उतू जायला आलेल्या दुधाकडे बघतात तशा. रंगाऱ्याने काकांच्या कपाळाकडे पाहिलं, मग चौकटीकडे, आणि तोंड मिटलं.

"चांगला आहे, काका," तो जरा वेळाने म्हणाला. "टिकाऊ आहे."

"मीही तोच म्हणत होते," काकू म्हणाल्या.

त्यानंतर रंगारी कामालाच लागला. "काकू, खिडकीच्या झडपेच्या कडेलाही पिवळा मारू. उघडी राहिली की नेमकी डोक्याच्या... म्हणजे, शोभा येईल. बाथरूमच्या कडीलाही मारतो."

"शोभेला हवाच," काकू म्हणाल्या.

"आणि भिंती?" काकांनी विचारलं.

"मोतियाच. तुमच्या आवडीच्या."

"चालणार नाहीत."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "अहो, या मोतियापायी वीस वर्षं माझ्याशी भांडलात!"

"भांडलो. आता नकोय." काका रंगाऱ्याकडे वळले. "तुझ्या काकूंचे कपडे बघितलेस? पांढरट, बदामी, नाहीतर राखाडी. जन्मभर. या उद्या मोतिया भिंतीपुढे उभ्या राहिल्या, तर..."

ते थांबले. छापखान्यात चूक सापडली की पेन्सिल अशीच अधांतरी थांबायची.

"शब्दकोश उलटा ठेवलास तू," ते काकूंना खालच्या आवाजात म्हणाले. "पुठ्ठ्यावरची नावाची उठावदार अक्षरं बोटांना लागतात."

रंगाऱ्याला एकाएकी ब्रशचे केस मोजावेसे वाटले.

मग कुणी न सांगता त्याने कुठल्या तरी दुसऱ्या घरचा उरलेला गडद हिरवा डबा उघडला आणि समोरच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत माणसाच्या उंचीचा पट्टा ओढला.

"काकू, जरा उभ्या राहता का?"

"मी काय पडदा आहे, लावून बघायला?" असं म्हणत काकू भिंतीकडे गेल्या. आधी त्या पट्ट्याशेजारी, जुन्या मोतिया रंगापुढे थांबल्या. काका हसून बघत होते, फक्त त्या होत्या तिथून दोन हात डावीकडे. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि एक पाऊल उजवीकडे सरकल्या, बदामी कपड्यांत, ओल्या हिरव्या रंगापुढे.

काकांचा चेहरा हळूच वळला आणि बरोबर त्यांच्यावर येऊन थांबला.

"हां," ते म्हणाले. "आलीस."

"मी इथेच होते," काकू म्हणाल्या. "लवकर ठरवा काय ते, पाठीला रंग लागतोय."

काकांना मात्र मुळीच घाई नव्हती.