तिसरा वेढा

धाकट्याने दोर गच्चीवरच्या लोखंडी खांबाला गुंडाळला, गाठ मारली आणि दादाकडे न बघता कठड्यावर चढला. खाली चौदा मजले नुसती काच होती.

तेरा वर्षं दोघे भाऊ उंच इमारतींच्या काचा पुसत आले होते. नियम एकच. उतरणाऱ्याने म्हणायचं, "बघ." वर थांबणाऱ्याने गाठ चाचपायची, दोराचे तीन वेढे मोजायचे आणि म्हणायचं, "बघितलं." त्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही.

पण दोघांत अकरा दिवस अबोला होता. आई गेली आणि दादाने तिचं शिलाई मशीन कुणाला न विचारता भंगारात देऊन टाकलं. धाकट्याने डोक्यात राख घालून घेतली. आज त्यानंतरचं पहिलंच काम. सकाळपासून दोघे पाण्याच्या टाकीशी बोलत होते. धाकटा टाकीला म्हणे, "कुणीतरी बादली भरा." दादा टाकीला सांगे, "भरली आहे."

आता 'बघ' म्हणायचं म्हणजे हार मानायची, आणि ते टाकीला सांगून भागणार नव्हतं. मरो, काय व्हायचं ते होऊ दे, असं धाकट्याला वाटलं. एरवी जिना उतरतानाही कठडा धरणारा माणूस तो. आज रागापुढे भीती कुठल्या कुठे पळाली होती. दोराला टांगलेल्या फळीवर बसून तो झरझर खाली गेला.

तेराव्या मजल्यापाशी दोर हातभर सरकला. बादली निसटली. ती खाली आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. दोर पुन्हा सरकला.

"दादा!"

दोर जागच्या जागी थांबला. खिडकीच्या चौकटीत पाय रोवत, दोर धरून धाकटा कसाबसा वर आला.

दादा खांबाला पाय लावून बसला होता. दोर त्याच्या मुठीत होता आणि तळवे सोलवटले होते. धाकट्याला रडू कोसळलं. इतक्या चटकन दोर धरला, म्हणजे दादा आधीपासूनच तिथे बसून होता. अबोला धरला तरी याने काळजी सोडली नव्हती.

"दादा, तुला कळलं कसं?"

"तिसरा वेढा घेतलाच नव्हतास. तू कठड्यावर चढलास तेव्हाच बघितलं."

दादाने तळव्यांवर फुंकर घातली.

"म्हटलं, आधी तू बोल."