तीस अंशांची दुरुस्ती

उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत गिअर कडक करायची भट्टी आनंद आणि धाकटा निशांत या भावांची. दोघांचं बोलणं बंद. भट्टीची उष्णता मोजणाऱ्या थर्मोकपलला खास वायरऐवजी साधी जोडल्यामुळे कंट्रोलर तीस अंश कमी दाखवत होता आणि माल जळत होता. गिऱ्हाईकानं शेवटची संधी दिली.

आनंदनं कंट्रोलरमध्ये तीस अंश वाढवून आकडा बरोबर केला. ऑपरेटर शामूला म्हणाला, "निशांतला सांगितलास तर उद्या गेटवरनंच परत जायचं."

आकडा अजून चुकीचाच आहे असं धरून निशांतनं भट्टी तीस अंशांनी उतरवली. "अण्णाला कळता कामा न्हाय, शामू. माल मी वाचवला, त्याला काय येत न्हाय, हे गिऱ्हाईकाला बघू दे."

सगळे गिअर कच्चे निघाले.


शामूनं दोघांचंही ऐकलं होतं.