सासूबाईंचं मातीचं भांडं

वाटणीत धाकटीनं सासूबाईंचं पाव भाजायचं झाकणाचं मातीचं भांडं तेवढं मागितलं. त्या पावापायी नवरा रोज सकाळी थोरल्या जावेकडे पळायचा. आता घरी खाईल, एवढाच तिचा हिशेब.

“घे बाई, पण त्यातलं काही तोलू नकोस. सासूबाई कधी तोलत नसत,” थोरली म्हणाली. धाकटी तर मीठसुद्धा तोलणारी.

सातशे ग्रॅम मळलेली कणीक आत गेली. भाजताना पाणी उडून पाव हलका व्हायला हवा. तो नऊशे भरला. दुसऱ्या दिवशी हजार.

“आता वहिनीकडे जातंय कोण!” नवरा खूश.

आठव्या दिवशी पाव तिला दोन्ही हातांनी उचलावा लागला.

“अजून एक तुकडा दे गं,” म्हणत नवऱ्यानं हात पुढे केला, आणि साबण लावूनही न निघणारी त्याची अंगठी बोटातून घरंगळून ताटात पडली.